२० टक्के योजनेतलं घर: मुंबईच्या सोडतीत का नाही, आणि वरखर्च किती?

भांडुपकर:
म्हाडाच्या कोकण मंडळाच्या सोडतीत '२० टक्के सर्वसमावेशक' म्हणून खासगी बिल्डरची घरं असतात. मुंबई मंडळाच्या जाहिरातीत हा गट का नसतो? आणि ठाण्यात २२ लाखांचं घर लागलं, तर वर किती धरून चालायचं?

नकाशा_नियम:
नियमावलीच वेगळी. ही अट यूडीसीपीआर २०२० मधली, म्हणजे राज्याच्या एकत्रित बांधकाम नियमावलीतली. बृहन्मुंबईला ती लागू नाही, इथे मुंबईची स्वतंत्र नियमावली, डीसीपीआर २०३४ चालते. मुंबईत बिल्डरकडून म्हाडाला घरं येतात ती मुख्यतः तिच्यातल्या नियम ३३(५), म्हणजे म्हाडा वसाहतींचा पुनर्विकास, आणि ३३(७), म्हणजे उपकरप्राप्त (दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या जुन्या) इमारतींच्या पुनर्विकासातला जादा हिस्सा, यांतून.

ठाणे, कल्याण-डोंबिवलीसारख्या १० लाखांवर लोकसंख्येच्या महापालिकांत ४,००० चौ.मी. किंवा त्याहून मोठ्या भूखंडावर मूळ एफएसआयच्या (भूखंडाच्या किती पट बांधता येतं ते प्रमाण) २० टक्के बांधकाम छोट्या घरांना द्यावं लागतं, घर ३० ते ५० चौ.मी.चं. उदाहरणार्थ भूखंड ५,००० चौ.मी., मूळ एफएसआय १.१. क्षेत्र ५,५००, त्याचे २० टक्के १,१००, म्हणजे साधारण २२ ते ३६ घरं. पळवाट उंबरठ्यातच आहे: जमिनीचे तुकडे पाडायचे आणि प्रत्येक नकाशा ३,९०० चौ.मी.चा दाखवायचा. नकाशा मंजूर करतानाच मूळ सातबारा तपासला नाही, तर पुढे कोणालाच पत्ता लागत नाही.

कळवा_पूर्व:
खर्चाचं सांगतो. म्हाडा फक्त विजेता ठरवते. करार आणि पैसे दोन्ही बिल्डरकडे. त्यामुळे महारेरावर, म्हणजे गृहप्रकल्पांच्या नियामकाच्या साइटवर, प्रकल्प आधी बघा. करार नोंदवण्यापूर्वी १० टक्क्यांहून जास्त रक्कम मागायचा त्याला अधिकार नाही.

२२ लाखांवर ठाण्यात मुद्रांक शुल्क ७ टक्के, १,५४,०००. नोंदणी १ टक्का, २२,०००. ओसी (भोगवटा प्रमाणपत्र) आलेली नसेल तर जीएसटी १ टक्का, आणखी २२,०००. एकूण १,९८,०००. घर बाईच्या एकटीच्या नावावर घेतलं तर मुद्रांकात १ टक्का सुटतो. रेडी रेकनरचं (सरकारी दरानुसारचं) मूल्य २२ लाखांवर जात असेल तर शुल्क कशावर लागेल, हे दुय्यम निबंधकाकडे आधीच विचारा.

खरी कटकट पार्किंग, क्लब आणि दोन-दोन वर्षांच्या आगाऊ मेंटेनन्सची. जाहिरातीतल्या किमतीत हे धरलेलं नसतं. मागणी लेखी घ्या, तोंडी आकड्यावर चेक फाडू नका.

नकाशा_नियम:
एक राहिलं. उत्पन्नात नवरा-बायको दोघांचं धरतात. एमएमआरमध्ये (मुंबई महानगर प्रदेशात) अत्यल्प गटाला वर्षाला ६ लाखांपर्यंत, अल्प गटाला ९ लाखांपर्यंत. ओव्हरटाइमने आकडा ९ च्या वर गेला तर अल्प गटात अर्ज टिकत नाही.