संशोधन संस्थेच्या इमारतीत काच आणि प्रकाशाची कलाकृती असावी का?

मूळ लेख : तिरीप

संशोधन संस्थेची नवी इमारत उभी राहताना दर्शनी दालनात एखादी कलाकृती असावी, असा प्रस्ताव अनेकदा येतो आणि पुष्कळदा ती काच आणि प्रकाशाची असते. माझा त्याला पाठिंबा आहे, पण एका अटीवर : तिने विज्ञानाचे चित्र काढू नये. डीएनएचा पीळ किंवा अणूभोवतीच्या कड्या पाठ्यपुस्तकाच्या मुखपृष्ठावर शोभतात. काच लावायचीच असेल, तर ती काच स्वतः काय करते ते दिसले पाहिजे.

डायक्रोइक काच पाहा. निर्वात कक्षात काचेवर धातूंच्या ऑक्साइडांचे अतिशय पातळ थर एकावर एक चढवले जातात. या थरांची जाडी प्रकाशाच्या तरंगलांबीहूनही कमी असते, त्यामुळे त्यांवरून परतणाऱ्या लहरी काही रंगांत एकमेकींना बळ देतात आणि काही रंगांत एकमेकींना पुसून टाकतात. परिणामी एक रंग परावर्तित होतो, उरलेले आरपार जातात, आणि त्यासाठी काचेत रंगद्रव्य मिसळावे लागत नाही. पाहणारा चार पावले सरकला की कोन बदलतो आणि मघाशी तांबूस दिसलेली पट्टी सोनेरी होते. याच जातीचा आरसा फ्लुओरेसन्स सूक्ष्मदर्शकात असतो. तो निळा प्रकाश नमुन्याकडे वळवतो आणि नमुन्यातून निघालेला हिरवा प्रकाश पुढे जाऊ देतो. म्हणजे दालनातली काच आणि वरच्या मजल्यावरचे उपकरण यांचे तत्त्व एकच.

लंडनमधील वेलकम ट्रस्टच्या इमारतीत रचनाकार थॉमस हेदरविक यांचे ‘ब्लायगीसन’ हे २००५ मधील काम आहे. सुमारे ३० मीटर उंचीचे हे शिल्प तारांवर ओवलेल्या १,४२,००० काचगोळ्यांचे असून गोळ्यांच्या आत डायक्रोइक पापुद्रा आहे. मला अभिप्रेत असलेली कला ती हीच.

प्रतिसाद : अभ्रक

आपण निवडलेले उदाहरणच आपल्या मुद्द्याला छेद देते. वेलकम ट्रस्ट संशोधनाला निधी पुरवते आणि ती इमारत तिचे कार्यालय आहे. तिथे कोणाचा नमुना खराब होत नाही. मी सूक्ष्मदर्शक विभागात काम करते आणि आमच्यासाठी प्रकाश ही सजावट नसून प्रयोगातला घटक आहे. फ्लुओरेसन्ट रंग लावलेला नमुना उजेडात राहिला की त्याची चमक कायमची उतरते, म्हणून आम्ही अंधारात काम करतो. चिप कोरण्याच्या खोल्यांत पिवळेच दिवे असतात, कारण तिथला लेप निळ्या आणि अतिनील प्रकाशाने बिघडतो. एलईडी मंद करण्याची रूढ पद्धत म्हणजे त्यांची सेकंदाला शेकडो वेळा उघडझाप करणे. ती डोळ्याला जाणवत नसली तरी उपकरणातला संवेदनशील प्रकाशशोधक ती टिपतो. शिवाय त्या लाखभर गोळ्यांवरची धूळ कोण पुसणार आणि त्यावर होणारा खर्च उपकरणांसाठी का वापरू नये, या प्रश्नांना प्रस्तावात उत्तर नसते.

प्रतिसाद : तिरीप

धूळ आणि उघडझाप हे आक्षेप मला मान्य आहेत. पैशाचा आक्षेप मान्य नाही. अमेरिकेत संघराज्याच्या नव्या इमारतींसाठी अंदाजित बांधकाम खर्चाच्या किमान अर्धा टक्का रक्कम कलेसाठी ठेवण्याचे धोरण आहे. अशी रक्कम बांधकामाच्या खात्यातली असते. कलाकृती रद्द केली म्हणून ती सूक्ष्मदर्शकाच्या खात्यात जात नाही; बहुधा ती लिफ्ट, फरशी किंवा वाहनतळात मुरते.

प्रतिसाद : कवडसा

मूळ लेखातील अट मला अपुरी वाटते. केंब्रिजच्या गॉनव्हिल अँड कीज कॉलेजच्या भोजनगृहात संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांच्या स्मरणार्थ १९८९ मध्ये एक खिडकी बसवली होती. तीत सात गुणिले सात चौकटींचा लॅटिन चौरस होता : प्रत्येक ओळीत आणि प्रत्येक स्तंभात प्रत्येक रंग एकदाच. चेहरा नाही, प्रतिमा नाही, निव्वळ गणित. तरीही निवडक प्रजननाने मानववंश सुधारावा या फिशर यांच्या वंशसुधारणावादी भूमिकेमुळे २०२० मध्ये ती काढण्यात आली. त्यांच्या पद्धती मात्र प्रयोगांच्या आखणीत आजही वापरल्या जातात. तेव्हा काच कितीही अमूर्त असली, तरी ती कोणाच्या नावाने लावली हे तिला चिकटतेच. विज्ञान आपली मते बदलू शकते. भिंतीत बसवलेली काच बदलण्यासाठी आधी वाद घालावा लागतो.

प्रतिसाद : तिरीप

हा मुद्दा वजनदार आहे, पण त्यातून निघतो तो निष्कर्ष व्यक्तिस्मारकाविरुद्धचा आहे, कलेविरुद्धचा नाही. काचकलावंत जोसाया मॅकएल्हेनी यांनी २००५ मध्ये खगोलशास्त्रज्ञ डेव्हिड वाइनबर्ग यांच्यासोबत विश्वाच्या उत्पत्तीवर एक झुंबर केले. त्यात दांड्यांची लांबी काळ दाखवते, काचेचे पुंजके दीर्घिका आहेत आणि दिवे क्वेझार, म्हणजे दूरच्या दीर्घिकांची अतितेजस्वी केंद्रे, आहेत. कोणत्या घटकाचा अर्थ काय, हे ठरवताना शास्त्रज्ञ सोबत होता. अभ्रक यांच्यासारख्या व्यक्तीला आराखड्याच्या पहिल्याच बैठकीत बोलावले, तर दिवे कोणत्या बाजूला नकोत हे तिथेच ठरेल.

प्रतिसाद : अभ्रक

बोलावले तर जरूर येईन, पण दोन गोष्टी लेखी मागेन : देखभालीची तरतूद करारात असावी आणि दिव्यांचे नियंत्रण इमारतीच्या व्यवस्थापनाकडे न राहता प्रयोगशाळांकडे असावे. तरीही माझा मूळ विरोध संपत नाही. लोकांना आत काय चालते ते पाहायचे असते. मग दालनात शिल्प टांगण्याऐवजी प्रयोगशाळेचीच एक भिंत काचेची का करू नये?

प्रतिसाद : तिरीप

कारण त्या भिंतीतून पांढरे कोट आणि वाकलेल्या पाठी दिसतात, प्रयोग दिसत नाही. पिपेटमधून थेंब सोडणारा माणूस नेमके काय तपासतो आहे, हे बाहेर उभ्या असलेल्याला तासभर पाहूनही कळत नाही. डायक्रोइक काचेसमोर तो निदान एक प्रयोग स्वतः करतो : तो हलतो, रंग बदलतो, आणि तो पुन्हा हलून पाहतो.

प्रतिसाद : अभ्रक

हे पटण्यासारखे आहे. मात्र त्या काचेशेजारी थरांची रचना समजावणारा फलक नसेल, तर तो माणूस ‘किती सुंदर’ म्हणून निघून जाईल. फलकाला कलावंताची संमती असेल का?