ढोल-ताशा पथकाचा दौरा : ट्रक, बस आणि सामानाची व्यवस्था कशी करावी?

प्रश्न (इंदूर, सुदामानगर)

नमस्कार. आमचे पथक इंदूरमधील असून आजवर आम्ही राजवाडा, रामबाग आणि टिळकनगर या परिसराबाहेर फारसे वाजवलेले नाही. यंदा गणेशोत्सवात प्रथमच दौऱ्याचे आमंत्रण आहे. पाचव्या दिवशी बडोद्यात, सातव्या दिवशी नाशिकला वादन करून अनंत चतुर्दशीला झांक्यांच्या (फिरत्या देखाव्यांच्या) मिरवणुकीसाठी आम्हाला इंदुरात परत यायचे आहे. एकूण ५८ जण आहोत, त्यांत २१ मुली आहेत. सामानात ३६ ढोल, १४ ताशे, १० ध्वज आणि झांजा आहेत. ढोल २४ इंची असून त्यांची लांबी सुमारे पावणेदोन फूट आहे.

आमच्या मंडळींचा विचार असा, की एक मोठी बस करावी, ढोल तिच्या टपावर व डिकीत टाकावेत आणि जे उरतील ते लहान टेम्पोने न्यावेत. मला हे पटत नाही, कारण तीन वर्षांपूर्वी आम्ही देवासला गेलो होतो तेव्हा असेच केले होते. टपावरच्या ढोलांवर कुणीतरी कड्यांचे पोते ठेवले, वाटेत पाऊस लागला आणि उतरवताना पाहिले तर नऊ ढोलांची पाने (ज्यांवर वाजवतात ते ताणलेले पडदे) फाटलेली होती. त्या दिवशी नऊ मुले तयारीनिशी येऊन रस्त्याच्या कडेला नुसती उभी राहिली. त्यांचे चेहरे मी अजून विसरले नाही. ज्यांनी असे दौरे केले आहेत त्यांनी गाड्या कोणत्या घ्याव्यात आणि त्या कशा भराव्यात हे कृपया सविस्तर सांगावे.

उत्तर १ (ग्वाल्हेर, लष्कर)

ताई, मी बारा वर्षे एका पथकाच्या गाड्यांची जबाबदारी सांभाळली आहे, तेव्हा अनुभवाने सांगतो, की आधी ट्रक ठरवा आणि बस नंतर. बस कोणतीही मिळते, ढोलांच्या मापाचा ट्रक मात्र शोधावा लागतो.

ढोलाचे माप कड्यासकट, म्हणजे पान धरून ठेवणाऱ्या बाहेरच्या रिंगेसकट, घ्यावे. २४ इंची ढोल कडी धरून साधारण २६ इंचांचा होतो. वाहतूकदार 'चौदा फुटी आयशर' म्हणतो तेव्हा तो फक्त लांबी सांगत असतो. आतली रुंदी सहा फूट, म्हणजे ७२ इंच असेल, तर तीन ढोलांना लागणारे ७८ इंच तिथे बसत नाहीत आणि एका रांगेत दोनच ढोल राहतात. लांबीत २१ इंचांप्रमाणे आठ रांगा होतात, म्हणजे दोन थरांत ३२ ढोल. तुमचे चार ढोल बाहेर राहतील आणि मग कुणीतरी ते तिसऱ्या थरावर कोंबणार, हे मी अनेकदा पाहिले आहे. सतरा फुटी गाडीत नऊ रांगा बसतात आणि दोन थरांत नेमके ३६ ढोल मावतात. शिवाय बाजूला २० इंचांची पट्टी उरते, तिच्यात ध्वजांच्या काठ्या लांबवर आडव्या ठेवता येतात आणि ताशांच्या पेट्या बसतात. हे सारे सामान वजनाने फार होत नाही. ट्रक जागेने भरतो, टनांनी नव्हे, म्हणून भाडे ठरवताना 'माल हलका आहे, लहान गाडी चालेल' या बोलण्यावर जाऊ नये. स्वतः टेप घेऊन गाडीचा हौदा मोजावा.

ढोल आडवे ठेवावेत, पान पानासमोर येईल असे, म्हणजे कडे कड्याला टेकते आणि पानावर भार येत नाही. दोन पानांच्या मध्ये जुनी गोधडी घालावी. तळच्या थराखाली लाकडी पाचरी ठोकाव्यात, नाहीतर घाटातल्या पहिल्याच वळणावर सगळे ढोल एका बाजूला जातात. दोन थरांच्या मध्ये प्लायवूड टाकावे. उभे ढोल रचण्याची सवय मला धोक्याची वाटते, कारण हौद्याच्या पत्र्यातला एखादा वर आलेला बोल्टसुद्धा पान फाडायला पुरेसा असतो. पावसाळ्यात बंद कंटेनरच घ्यावा. ताडपत्री गाठींपाशी गळते, आणि चामड्याचे पान असेल तर नुसत्या ओलीनेही ते सैल पडते.

जे सर्वांत आधी लागणार ते सर्वांत शेवटी चढवावे. ध्वज आणि ताशे दाराशी असावेत. टिपरी (ढोल वाजवायच्या काठ्या), ताशांच्या काड्या, जादा पाने आणि दोरीचे भेंडोळे ट्रकमध्ये ठेवूच नये. ते माणसांबरोबर जाणाऱ्या गाडीत असावे, म्हणजे ट्रक दोन तास उशिरा आला तरी दुरुस्तीची तयारी सुरू करता येते.

एका गोष्टीबद्दल मी कठोर आहे. 'सामानावर लक्ष ठेवायला' म्हणून चार मुले ट्रकच्या हौद्यात बसवण्याची पद्धत आहे. कायद्याने मालवाहू गाडीच्या हौद्यात माणसे नेता येत नाहीत, आणि काही विपरीत घडले तर विम्याचे पैसे मिळण्याची आशाही राहत नाही. चालकाशेजारी एक जबाबदार माणूस बसवावा, बाकी सर्वांना बसमध्ये.

उत्तर २ (बडोदे, दांडिया बाजार)

बडोद्यापुरते मी सांगते. तुमची मिरवणूक मांडवी भागातून असेल तर सतरा फुटी ट्रक आत नेण्याचा विचार सोडून द्या. लहरीपुरा, पाणीगेट, चांपानेर आणि गेंडीगेट या दरवाजांच्या आत गणपतीत पायी चालायला वाट नसते. यजमान मंडळाकडून दरवाजाबाहेर उतरवण्याची जागा लेखी ठरवून घ्या आणि तिथून पुढे दोन 'छोटा हत्ती' गाड्यांची (लहान मालवाहू टेम्पोंची) सोय त्यांनीच करावी असे सांगा. आम्ही पाहुण्या पथकांसाठी हे नेहमी करतो. मागायला संकोच करू नका.

इंदूरहून धार, झाबुआ, दाहोद, गोध्रा, हालोल असा सुमारे ३५० किलोमीटरचा रस्ता आहे. माछलिया घाट सोडला तर तो सोपा आहे. मला काळजी वाटते ती बडोदे ते नाशिक या टप्प्याची. नकाशावर वाघई आणि सापुताऱ्याचा रस्ता जवळचा दिसतो, पण भाद्रपदातल्या पावसात, धुक्यात, रात्रभर वाजवून दमलेल्या मुलांना घेऊन तो घाट रात्री चढू नये. सहावा दिवस तुमच्याकडे मोकळाच आहे. बडोद्यात झोपा आणि पहाटे निघा.

मुलींच्या मुक्कामासाठी शाळेचे वर्ग मिळत असतील तर शौचालयांची संख्या, पाणी आणि रात्रीचा दिवा हे आदल्या आठवड्यात कुणीतरी प्रत्यक्ष पाहून यावे, कारण फोनवर सगळे 'आहे' असेच म्हणतात.

उत्तर ३ (इंदूर, राजेंद्रनगर)

वरच्या दोघांनी सामानाचे उत्तम सांगितले आहे. मी चालक आणि जेवण या दोन गोष्टींची भर घालतो.

२०२५ पर्यंत लागू असलेल्या मोटार वाहतूक कामगार कायदा, १९६१ यानुसार चालकाचे काम दिवसाला आठ तासांचे असे आणि सलग पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती द्यावी लागे; आपणही तोच हिशेब धरावा. नाशिकहून मालेगाव, धुळे, सेंधवा मार्गे इंदूर ४०० किलोमीटरच्या पुढे आहे. बिजासन घाट, धामनोदनंतरची मानपूरपर्यंतची चढण आणि थांबे धरले तर बसला दहा तास सहज लागतात. म्हणजे प्रत्येक मोठ्या गाडीला दोन चालक हवेत, आणि दुसऱ्या चालकाची झोप दौऱ्याच्या वेळापत्रकात लिहिलेली हवी. मुले वाजवत असताना चालकही कौतुकाने मिरवणुकीत उभा राहतो आणि रात्री तोच स्टिअरिंगवर बसतो. त्याला झोपायला जागा देणे हे पथकाचे काम आहे.

बसला अखिल भारतीय पर्यटक परवाना आहे का, हे कागद हातात घेऊन पाहा. मला विचाराल तर ४५ आसनी बस आणि १७ आसनी ट्रॅव्हलर अशा दोन गाड्या घ्याव्यात. ट्रॅव्हलर चार तास आधी पोहोचते, उतरवण्याची जागा पाहते, आणि कुणी आजारी पडले तर दवाखान्यात नेण्यासाठी एक मोकळी गाडी हाताशी राहते. ट्रकमधील सामानाची यादी पथकाच्या लेटरहेडवर, 'वादनासाठी, विक्रीसाठी नाही, परत आणावयाचे' असे लिहून शिक्क्यासह चालकाकडे द्या. सामानाची किंमत ५०,००० रुपयांच्या वर जाते तेव्हा वाहतूकदार ई-वे बिलाची (मालवाहतुकीसाठीच्या जीएसटीच्या ऑनलाइन कागदाची) विचारणा करतो. म्हणून आपल्या सीएशी आधीच बोलून घ्या.

अमेरिकेत ड्रम कोअर नावाची पथके उन्हाळाभर गावोगाव फिरतात. १९७२ पासून त्यांची राष्ट्रीय स्पर्धा भरते. ती मुले शाळांच्या व्यायामशाळेत जमिनीवर झोपतात, वाद्यांचा मोठा ट्रक वेगळा असतो आणि स्वयंपाकघर तर संपूर्ण एका ट्रेलरमध्ये बरोबर चालते. आपल्याला ट्रेलर नको, पण विचार घेण्यासारखा आहे. तीन-चार तास ढोल कमरेला बांधून वाजवणाऱ्याला वाटेतल्या ढाब्यावर मिळेल ते खायला लावू नये. आम्ही दोन स्वयंपाकी, गॅस आणि मोठी पातेली यांसाठी वेगळी पिकअप गाडी नेली होती. खर्च वाढला, परंतु संपूर्ण दौऱ्यात एकाचेही पोट बिघडले नाही.

प्रश्नकर्तीचे उत्तर

तिघांचेही मनापासून आभार. काल रात्रीच टेप घेऊन दोन गाड्यांचे हौदे मोजून आले. वाहतूकदाराने ज्या चौदा फुटी गाडीत 'पन्नास ढोल जातील' असे सांगितले होते तिची आतली रुंदी पाच फूट दहा इंच भरली. सतरा फुटी बंद गाडी नक्की केली आहे. नाशिकला सहाव्या दिवशी दिवसा जाणार, असे यजमानांना कळवले. एकच शंका उरली आहे : प्रवासाआधी ढोलांच्या दोऱ्या सैल कराव्यात का?

उत्तर १ (ग्वाल्हेर, लष्कर)

ताशे सैल करा, ढोल करू नका. छत्तीस ढोल पुन्हा ओढायला आठ माणसांना अर्धा दिवस लागतो आणि बडोद्यात तो अर्धा दिवस तुमच्याकडे नाही. फक्त निघण्याआधी प्रत्येक ढोलाच्या दोरीची गाठ हाताने तपासा आणि जिची गाठ सरकते आहे त्या ढोलाला खडूने खूण करा, म्हणजे उतरवल्यावर आधी तोच ओढायला घेता येईल.