ड्रोन नाही, आधी मातीतला ओलावा बघा

बरेच जण म्हणतात की शेतीतलं नवं तंत्रज्ञान म्हणजे ड्रोन आणि एआय, ते मोठ्या शेतकऱ्यांचं काम, लहान शेतकऱ्याला काय उपयोग. मला हे अजिबात पटत नाही. मातीतला ओलावा दाखवणारा साधा टेन्शिओमीटर घ्या ना, पाणी भरलेली एक नळी, खाली भाजलेल्या सच्छिद्र मातीचं टोक आणि वर काटा, बस्स. शेतातली माती कोरडी झाली की ती नळीतलं पाणी ओढते आणि काटा चढतो, परत पाणी दिलं की उतरतो. वरची माती भुरभुरीत दिसते म्हणून आपण पाणी सोडतो, पण फूटभर खाली मुळांपाशी चांगला ओलावा असतो, आणि जास्त पाण्याने मुळांना हवाच मिळत नाही, पिकाचं नुकसान होतं ते असं, वर खतही वाहून खाली जातं!

सॅटेलाइटचं म्हणाल तर सेंटिनेल-२ या युरोपच्या उपग्रहांचे फोटो फुकट आहेत, साधारण ५ दिवसांनी नवा फोटो, फोटोतला एक ठिपका म्हणजे शेतातला १० बाय १० मीटरचा तुकडा. हिरवं पान लाल प्रकाश शोषून घेतं आणि डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड परत फेकतं, त्या फरकावरून पीक कुठं कमजोर आहे ते कळतं. ढग असले की मात्र काहीच दिसत नाही, आणि ऐन पावसाळ्यात तेच होतं. शिवाय कमजोर कुठं ते कळतं, का ते नाही. नत्र कमी पडलं, पाणी साचलं की रोग आला, हे बघायला बांधावरून आत उतरून पान उलटून बघावंच लागतं.