कस्टम रोबो अरीना: डोकं लागतं की नुसतं अंगठ्याचं काम?

कार्ट्रिजवेडा: निन्टेन्डो डीएस या हातात धरायच्या गेमयंत्रावरचा, रोबोंच्या लढाईचा हा खेळ. परवा इथेच एका महाशयांनी लिहिलं, "कस्टम रोबो अरीना म्हणजे पोकेमॉनची गरीब भावंडं. भारी पार्ट लावा, बटणं बडवा, जिंका." दोन दिवस गप्प बसलो, पण राहवलं नाही.

पोकेमॉनमध्ये हुकूम सोडून चहा आणायला गेलात तरी बिघडत नाही. इथे रोबो तुम्हालाच पळवायचाय. बंदूक, बॉम्ब, पॉड, पाय, सगळं एकमेकांना धरून निवडावं लागतं. पॉड म्हणजे जमिनीवरून सरपटणारं पिल्लू. भिंतीआड दडलेल्याच्या अंगावर ते सोडायचं. तो घाबरून उडी मारणार, आणि खाली येताना आपली गोळी तिथे हजर हवी. हे टायमिंग बसवायला मला आख्खी दिवाळीची सुट्टी लागली. शिवाय आडवा पडलेला रोबो उठला की क्षणभर त्याला काहीच लागत नाही. बटणं बडवणारे नेमके तेव्हाच सगळा दारूगोळा उधळतात. बहुधा आपले महाशय त्यांतलेच.

खडूस_जॉयस्टिक: महाशय मीच, नमस्कार. दिवाळीची सुट्टी गेली म्हणता? मी स्ट्राइक व्हॅनिशर प्रकारचा रोबो घेतला, हवेत डॅश मारला की तो गायबच होतो, आणि कॉम्प्युटरला मी कुठे आहे तेच कळेना. एकच जोडणी शेवटपर्यंत वापरली. मग एवढे पार्ट देता कशाला? शोकेसमध्ये मांडायला?

कथा तर विचारू नका. नवी शाळा, नवे दोस्त, 'न्युमेरो उनो' नावाची टीम, आणि गावात कुणाशीही बोललं की रोबो काढतो. त्यात वर स्टायलसने रोबो पुसून चकचकीत करायचा! घरी ताट उचलायला सांगितलं की मी पळायचो, आणि इथे खेळण्याची झाडलोट? टीव्हीला जोडायच्या गेमक्यूबवरचा याच मालिकेतला २००४ चा भाग बघा म्हणावं. चौघं एका सोफ्यावर बसून खेळायचो, खरी मारामारी.

एडिसनची_मावशी: कॉम्प्युटरला हरवलं म्हणून खेळ सोपा, हे म्हणजे भिंतीशी टेनिस खेळून फेडररला नावं ठेवणं. माणसाशी खेळलात का कधी?

आम्ही २००७ मध्ये न्यू जर्सीत होतो. माझा मुलगा आणि शिकागोचा त्याचा आतेभाऊ वायफायवर खेळायचे. एकमेकांना जोडायचा लांबलचक आकडा, फ्रेंड कोड, फोनवर वाचून दाखवायचे, एक आकडा चुकला की पुन्हा पहिल्यापासून. आणि डीएसला वायफायचं फक्त जुनं, कच्चं कुलूप, म्हणजे वेप, चालायचं! त्याहून पक्कं डब्ल्यूपीए लावलं की तो राउटर ओळखेचना. खेळासाठी घरचं वायफाय कच्चं ठेवायचं. ह्यांनी महिनाभर तोंड फुगवलं, "शेजारी आपल्या बँकेत शिरतील."

खडूस_जॉयस्टिक: काकांचं बरोबरच होतं. वेप म्हणजे दाराला सुतळी. २००७ मध्येही ते फोडायला मिनिटं पुरायची.

एडिसनची_मावशी: त्यांना सांगते हं, खूश होतील. आमच्या बँकेत तेव्हा होतं तरी काय!

नाशिकचा_बंडू: तुमची अमेरिका तुम्हालाच लखलाभ. इथे आमच्याकडे डीएसमध्ये खुपसायच्या आर-फोर कार्डावर कॉपी केलेले शंभर खेळ भरून मिळायचे, त्यात हा एक. वायफाय वगैरे ऐकून माहीत.

कार्ट्रिजवेडा: म्हणजे चोरीचा खेळ खेळून मत देताय. वा! गंमत बघा, याच खेळात बेकायदा पार्ट वापरणाऱ्यांना खलनायक केलंय.

नाशिकचा_बंडू: अहो दादा, विकत कुठे मिळत होता ते सांगा ना! शहरातली सगळी दुकानं पालथी घातली. एकाने "डीएस? तो कुठला फोन?" विचारलं. तुमचे मामा येताना बॅगेतून आणायचे, आमचे मामा सटाण्याला. आणि निन्टेन्डोचं काय सांगता? पहिला भाग १९९९ चा, पण २००४ पर्यंत जपानबाहेर एकही दिला नाही. गेमबॉय अ‍ॅडव्हान्सवरचा जीएक्स हा भाग तर शेवटपर्यंत तिथेच राहिला. विकायचंच नाही आणि चोर आम्ही?

कार्ट्रिजवेडा: मामाला मध्ये आणू नका. ते कार्ट्रिज मी स्वतःच्या पैशाने, तीन वर्षांच्या राख्यांच्या पाकिटांतून...

एडिसनची_मावशी: राखीला पाकीट भाऊ देतो की बहीण?

कार्ट्रिजवेडा: आत्याची पाकिटं. मावशी, तुम्ही माझ्या बाजूच्या ना?

खडूस_जॉयस्टिक: 😂 मुद्द्यावर येतो. पॉड सोडून उडी मारायला लावायची ती चाल काल करून पाहिली, जुना डीएस माळ्यावरून काढून. बिजागरी गेलीय, वरचा स्क्रीन हाताने धरून खेळलो. चाल बसते. एवढंच कबूल, कथा भिकारच आहे.

कार्ट्रिजवेडा: कथा चांगली आहे असं मी म्हटलंच कुठे होतं? पार्ट कुठला लावलात?

खडूस_जॉयस्टिक: सांगत नाही. माणसाशी खेळायचंय, मावशी म्हणतात तसं. पण निन्टेन्डोचं वायफाय २० मे २०१४ लाच बंद झालं, त्यामुळे समोरासमोर यावं लागेल. पुण्यात आहात का?

नाशिकचा_बंडू: आर-फोरवाल्यांना प्रवेश आहे की गेटवर झडती?

कार्ट्रिजवेडा: रविवारी. बंडूशेठ, तुम्ही बघायला या. आणि खडूसराव, आधी रोबो पुसून ठेवा, धूळ असली की नीट चालत नाही.