मदत हवी आहे : फाशीचं दृश्य असलेल्या वेबमालिकेला १३+ लावता येईल का?

नमस्कार मंडळी. आम्ही सोलापूरचा एक गट १९३० च्या मार्शल लॉवर छोटी वेबमालिका करतोय. त्यात गोळीबार आहे आणि शेवटी १२ जानेवारी १९३१ ची येरवड्यातली चार हुतात्म्यांची फाशी. कॅमेरा चेहऱ्यांवरच आहे, दोर दिसत नाही. एक वितरक म्हणतोय, "सरळ 'ए' (फक्त प्रौढांसाठी) लावा, कटकट नको." पण मग चार हुतात्मा चौकातून रोज शाळेत जाणाऱ्या पोरांनीच ती बघायची नाही?

२०२१ च्या आयटी (माहिती तंत्रज्ञान) नियमांत ऑनलाइन मालिकांसाठी यू (सर्वांसाठी), यू/ए ७+, १३+, १६+ आणि ए असे वयोगट आहेत. वयोगट प्रकाशकानेच ठरवायचा, संदर्भ आणि परिणाम बघून. तक्रार आली तर १५ दिवसांत उत्तर, पुढे प्रकाशकांची स्वनियमन संस्था, त्यावर सरकारी समिती. ही शेवटची पायरी मला खटकते. पालकांना वय कळायलाच हवं, पण समितीच्या धास्तीने आपणच इतिहासाला कुलूप का घालायचं?

कुणी अशी दृश्यं १३+ मध्ये बसवली आहेत का? लेबलामागची कारणं आधीच लिहून ठेवली तर तक्रारीत उपयोग होतो का? प्रसारण व्यवसाय म्हणून न करणाऱ्या व्यक्तीला नियमांतून वगळलंय. आमच्यासारख्या वर्गणीवर चालणाऱ्या गटाचं काय? जाणकार वकील किंवा संकलक असतील तर कृपया सविस्तर लिहा.