जॅकी कूगनचं पुढे काय झालं?

रीळवेडा:
चॅप्लिनचा 'द किड' परत बघितला. अनाथाश्रमवाले त्या पोराला गाडीत टाकून नेतात आणि तो हात पसरून रडतो, तो सीन अजूनही बघवत नाही. पोराचं नाव जॅकी कूगन एवढं माहितीये. कुठेतरी वाचलं की त्याची सगळी कमाई घरच्यांनीच संपवली, आणि दुसरीकडे वाचलं की 'द ॲडम्स फॅमिली' मालिकेतला टकला अंकल फेस्टर म्हणजे हाच. दोन्ही खरंय का? आणि मधली ४० वर्षं काय केलं त्याने?

कृष्णधवल:
दोन्ही खरं आहे. जन्म १९१४चा, 'द किड' आला १९२१ला, म्हणजे शूटिंगच्या वेळी जेमतेम पाच वर्षांचा. त्या रडण्याबद्दल चॅप्लिनने आत्मचरित्रात लिहिलंय, पोरगं काही केल्या रडेना तेव्हा बापाने त्याला सांगितलं की रडला नाहीस तर खरंच अनाथाश्रमात पाठवतील. मला हे वाचल्यापासून तो सीन वेगळाच दिसतो.
पुढे 'ऑलिव्हर ट्विस्ट' वगैरे करून लहानपणीच ३० ते ४० लाख डॉलर कमावले असा अंदाज सांगतात, तेही १९२०च्या दशकातले डॉलर! पैसा वडील सांभाळायचे. १९३५ला वडील कार ॲक्सिडेंटमध्ये गेले, त्याच गाडीत जॅकीही होता आणि त्यातून वाचलेला तो एकटाच. नंतर आईने त्यांचेच पैशाचे व्यवहार बघणाऱ्या आर्थर बर्नस्टाइनशी लग्न केलं आणि जॅकी सज्ञान झाला तरी हातात काही येईना. शेवटी १९३८ला त्याने आई आणि सावत्र वडिलांवर केस टाकली. वकिलांचा खर्च वजा जाता मिळाले साधारण १ लाख २६ हजार.

रीळवेडा:
बापरे. पण कमाई त्याची स्वतःची होती ना, मग कोर्टाने सगळी परत का नाही दिली?

तिसरीघंटा:
कारण तेव्हा कॅलिफोर्नियाच्या कायद्यात अज्ञान मुलाची कमाई आईबापाचीच धरली जायची. आईची बाजू त्याच्यावरच उभी होती. पण पेपरांतून एवढा गाजावाजा झाला की १९३९ला बालकलाकारांसाठी कायदा आला, त्याला आजही कूगन कायदाच म्हणतात. त्याच्या स्वतःच्या पैशाला काहीच उपयोग नाही झाला आणि कायद्यात पळवाटाही भरपूर होत्या, कोर्टाकडून मंजूर न करून घेतलेल्या करारांना तो लागूच नव्हता. मोठी सुधारणा थेट २०००ला झाली, आता कमाई मुलाचीच धरतात आणि निदान १५ टक्के रक्कम तो १८चा होईपर्यंत कुणी हात लावू शकत नाही अशा खात्यात टाकावी लागते.
याच्याच बरोबरीची बालकलाकार बेबी पेगी, तिच्याबद्दलही वाचा. तिची कमाईही अशीच गेली, १९२५ला बापाचं निर्मात्याशी भांडण झालं आणि करिअरच बंद, मोठेपणी एक्स्ट्रा म्हणून कामं केली. पुढे ती डायना सेरा केरी नावाने लिहायला लागली आणि जॅकीचं चरित्र तिनेच लिहिलं. २०२०ला १०१व्या वर्षी गेली.

कृष्णधवल:
मधल्या वर्षांचं राहिलंच. बोलपटात 'टॉम सॉयर' (१९३०) केला, पण वय वाढलं तसं काम आटत गेलं. १९३७ला अभिनेत्री बेटी ग्रेबलशी लग्न झालं, ते दोन वर्षांत मोडलं. मग दुसऱ्या महायुद्धात सैन्यात गेला, आणि मला याचा हा भाग सगळ्यात भारी वाटतो, विमान चालवायची सवय होती म्हणून ग्लायडर पायलट झाला आणि मार्च १९४४ला ब्रिटिश सेनानी विंगेटच्या चिंडिट सैनिकांना (शत्रूच्या पिछाडीला घुसून लढणारी तुकडी) घेऊन रात्रीच्या अंधारात ब्रह्मदेशच्या जंगलात, जपान्यांच्या पिछाडीला उतरला. इंजिन नाही, परत उडायची सोय नाही. लोक त्याला नेहमी 'बिचारा' म्हणून संपवतात ते मला अजिबात पटत नाही. परत आल्यावर मिळेल ते छोटंमोठं काम केलं, मग १९६४ ते ६६ अंकल फेस्टर, आणि त्यानंतरही काम चालूच होतं. १९८४ला गेला.

रीळवेडा:
ग्लायडरचं माहितीच नव्हतं! धन्यवाद दोघांनाही. आता आधी 'ऑलिव्हर ट्विस्ट' शोधतो, मग ते चरित्र.

तिसरीघंटा:
नक्की बघा, १९२२चा आहे, त्यात फेगिन, म्हणजे पोरांना चोरी शिकवणारा म्हातारा, लॉन चेनीने केलाय.