क्विक ड्रॉ मॅकग्रॉ: तुमच्या आठवणी लिहा

जुन्या कार्टूनचा विषय निघाला की टॉम अँड जेरी आणि स्कूबी-डूवरच गाडी थांबते. हा धागा त्या पांढऱ्या घोड्यासाठी. लाल हॅट, कमरेला पिस्तूल, गुंडांना पकडायला निघालेला आणि पहिली गोळी बहुतेक वेळा स्वतःच्याच तोंडावर उडवून घेणारा शेरीफ. हॅना-बार्बेरा या कार्टून स्टुडिओने तो १९५९ मध्ये अमेरिकेत आणला. आपल्यातल्या बऱ्याच जणांना तो भेटला कार्टून नेटवर्कवर, म्हणजे १९९५ नंतर. ज्याला जे आठवेल ते लिहा, दोन ओळी असल्या तरी चालेल.

मिरज
आमच्याकडे केबल आली तेव्हा इंग्रजी कोणालाच धड कळायचं नाही. आजोबांना तर अजिबात नाही, पण ते आमच्याबरोबर बसून बघायचे. त्यांचा आवडता स्नफल्स, तो बिस्किटासाठी हपापलेला कुत्रा. बिस्किट मिळाल्याशिवाय हा चोराच्या मागे जाणार नाही म्हणजे नाही! आणि मिळालं की स्वतःलाच मिठी मारायचा, आनंदाने कण्हायचा, हवेत उंच उडायचा आणि मग तरंगत तरंगत खाली. आम्ही भावंडं पार्ले-जी खाऊन तस्सं करायचो आणि पलंगावर धाडकन पडायचो. आजोबा प्रत्येक वेळी नव्याने हसायचे. आज ते नाहीत, पण स्नफल्स दिसला की त्यांचं ते हसू ऐकू येतं.

पुणे, अ‍ॅनिमेशनचं काम करते
या मालिकेबद्दल मला फार आदर आहे, तो का ते सांगते. हॅना आणि बार्बेरा आधी एमजीएम या फिल्म स्टुडिओत कार्टून करायचे. एमजीएमने १९५७ मध्ये तो कार्टून विभाग बंद केला आणि दोघे टीव्हीकडे वळले. टीव्हीसाठी पैसा कमी, वेळ त्याहून कमी. मग शरीर स्थिर ठेवायचं आणि फक्त डोकं, तोंड, हात हलवायचे. क्विक ड्रॉच्या गळ्यातला रुमाल नीट बघा. त्यांच्याच योगी बेअर या अस्वलाची कॉलर आणि टायही तशीच. मान तिथे झाकली जाते, त्यामुळे डोकं वेगळं काढून हलवलं तरी जोड दिसत नाही. हालचाल कमी झाली की सगळा भार संवादांवर येतो, आणि इथे लिहायला मायकल माल्टीज होता, वॉर्नर स्टुडिओत कार्टून दिग्दर्शक चक जोन्सबरोबर काम केलेला. सात-आठ मिनिटांच्या गोष्टीत तो एकही वाक्य वाया घालवत नाही. विद्यार्थ्यांना मी हे भाग आवर्जून दाखवते. कमी चित्रांत पात्र कसं उभं करायचं, याचा इतका स्वच्छ धडा मला दुसरीकडे सापडला नाही.

डोंबिवली
सुरुवातीच्या शीर्षकात हा घोडा स्वतः घोडागाडी हाकतो, आणि गाडीला जुंपलेले खरेखुरे घोडे! लहानपणी मला त्यात काहीच वावगं वाटलं नव्हतं.

मुंबई, डबिंग करतो
क्विक ड्रॉ आणि त्याचा साथीदार बाबा लुई, दोघांचेही आवाज एकाच माणसाचे: डॉज बटलर. योगी बेअरही तोच. एकीकडे घोड्याचा जड, ओढून बोलणारा स्वर, दुसरीकडे छोट्या गाढवाचे मेक्सिकन ढंगातले झटपट शब्द. डोळे मिटून ऐका, दोन वेगळी माणसं बोलतायत असंच वाटेल. या धंद्यात आल्यावर मला त्या कसबाची खरी किंमत कळली.

नाशिक
एल काबाँगला, म्हणजे वेष बदललेल्या क्विक ड्रॉला, विसरलात की काय! झोरोसारखा काळा मुखवटा, दोरीला लोंबकळत येणार, भिंतीवर आपटणार, आणि मग गुंडाच्या डोक्यात गिटार: काबाँग! शाळेतल्या नाटकात मी पुठ्ठ्याची गिटार केली होती. सगळ्यात जास्त टाळ्या तिलाच पडल्या.

न्यू जर्सी
इथे बूमरँग चॅनेलवर लेकीबरोबर पाहिलं. ती चिडायची. बाबा लुई बरोबर सांगतोय, तर हा त्याला गप्प का करतो? "विचार मी करणार!" हे क्विक ड्रॉचं पालुपद आलं की ती टीव्हीशी भांडायची. शेरीफचा बिल्ला बाबा लुईलाच द्यायला हवा, यावर ती आजही ठाम आहे.

मिरज
तुमच्या लेकीला सांगा, माझं मत वेगळं आहे. बाबा लुई हुशार आहेच, पण तो बिल्ल्यासाठी थांबलेला नाही. शेवटी अनेकदा तोच आपल्याकडे वळून बोलतो आणि त्या बोलण्यात मित्राबद्दलची माया असते. इतका सोशिक दोस्त मिळाला म्हणून तर क्विक ड्रॉ पुढच्या भागात पुन्हा छाती काढून निघतो.